रिकाम्या खोलीचे तीस सेकंद

धडा चौथा : आवाज एकटा ऐका

"थांब आत्या. परत तेच."

मालनबाई ओळीच्या मधोमध थांबल्या. माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब होता आणि प्रबुद्धचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागत होता. खोलीच तेवढी होती. सिकंदराबादच्या फ्लॅटमधली सामानाची खोली. भिंतींवर मालनबाईंनीच शिवलेल्या गोधड्या ठोकल्या होत्या, म्हणून आवाज घुमत नव्हता.

हेडफोन एकच, तो प्रबुद्धच्या कानांवर. त्यानं कॉम्प्युटरवर ढोलकी बंद केली, पेटी बंद केली आणि नुसता आवाज लावला.

उजेड दाराशी आला, माय गं, कुलूप काढ...

चप्. मग टक्. मग काहीतरी ओलं गिळल्यासारखं.

त्याला शिसारी आली. कुणीतरी थेट आपल्या कानात बसून जेवतंय, असं वाटलं.

"मिश्री लावून आलीस काय?"

"सोडून सहा वर्षं झाली की रे. काय आवाज येतोय?"

"तोंडाचा."

आबिड्सच्या दुकानदारानं माइक देताना सांगितलं होतं, "चिंटी चली तो भी पकडता, भाई." तेव्हा प्रबुद्ध खूश झाला होता.

मालनबाईंचं लक्ष माउसशेजारच्या पुड्याकडे गेलं. बेगम बाजारची भाजकी सुपारी.

"एक खांड दे रे. घसा धरलाय."

"गाताना नक्को, आत्या. तोंड रिकामं पाहिजे." त्यानं स्वतः एक उचललं आणि पुडा खणात टाकला.

गाणं मालनबाईंच्या नवऱ्याचं, श्रीपतींचं. तीस वर्षं जयंतीच्या मिरवणुकीत त्याच ते गात आल्या होत्या. श्रीपती गेल्या पावसाळ्यात गेले. यंदा गुडघ्यांमुळे मालनबाईंना चालणं होणार नव्हतं, म्हणून ट्रकवर रेकॉर्डिंग लावायचं ठरलं. जयंती समितीतल्या संदेशनं स्पष्ट सांगितलं होतं : पाचपर्यंत चांगली फाइल द्या, नाहीतर नवी गाणारी पोरगी आहे, प्रियदर्शिनी, तिच्या आवाजात घेऊ.

दुपारचे दोन वाजले होते.

धडा सहावा : दबलेलं वर काढा

प्रबुद्ध ज्यावरून रेकॉर्डिंग शिकत होता त्या व्हिडिओतला मास्तर एकूण नऊ धडे शिकवायचा. पहिले तीन त्यानं सोडून दिले होते. खोली ऐका, केबल लावा, खुर्ची करकरते का बघा. असलं पोरांचं काम.

सहाव्या धड्याप्रमाणे त्यानं मोठा आवाज दाबला आणि बारीक आवाज वर काढला. त्यासरशी ती चपचपही वर आली. आता ती शब्दांवरही होती, शब्दांच्या मधेही होती. लाळ जिभेखाली फिरताना ऐकू येत होती. दातावर काहीतरी घासत होतं.

"कवळीच आहे," तो म्हणाला. "काढून गा."

"दात काढून? कसं दिसंल रे?"

"इथं कोण बघतंय?"

मालनबाईंनी पाठ फिरवली. मग चहाच्या बशीत गुलाबी हिरड्यांची कवळी आली. तिला चिकटलेला पोह्याचा कण प्रबुद्धला दिसला. त्यानं मान वळवली.

त्यांनी गायलं. 'दाराशी'मधून हवा सुटली. 'कुलूप' नुसतं फुसफुसलं.

चप्. टक्. गिळणं.

"अजून आहेच! दात नाहीत तरी!"

"मग हिरड्याच असतील बाबा," मालनबाई म्हणाल्या. "म्हातारपण घाणच असतं, काय करतोस."

त्यानं स्पीकर लावून त्यांना ऐकवलं. मोठ्यानं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, तो पुन्हा काढलाच नाही.

"मी ह्यांच्या शेजारी बसून चाळीस वर्षं जेवले," त्या पदराआडून म्हणाल्या. "कधी बोलले नाहीत."

धडा आठवा : हातानं साफ करा

चार वाजता प्रबुद्ध एकेक चपचप कापत होता. एक कापली की शब्दाचा तुकडाही जाई. गाणं उंदरानं कुरतडलेल्या कापडासारखं झालं. दर वेळी तोच घास आपण चघळतोय असं त्याला वाटे. खिडकी उघडून तो दोनदा थुंकून आला, ताजं खांड घेतलं आणि पुन्हा हेडफोन चढवले.

पावणेपाचला त्यानं संदेशला मेसेज टाकला : आत्याचा नाही जमत. प्रियदर्शिनीला पाठव.

उत्तर लगेच आलं : हौ. सहाला येती. आत्यांना मीच सांगू का?

सांगायची गरज नव्हती. मालनबाई कवळी रुमालात बांधत होत्या.

"तिचे दात चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "तिलाच गाऊ दे."

"पुढच्या वर्षी बघू, आत्या."

"आता नाही रे. कुणापुढं तोंड उघडायचं नाही आता."

त्यानं रिक्षा बोलावली. मालनबाई रुमाल मुठीत घट्ट धरून बसल्या आणि गेल्या.

वर येऊन त्यानं त्यांचे सतरा टेक निवडले आणि सतराही पुसले. बशी दोनदा साबणानं घासली. तरी हात धुवावेसे वाटत राहिले.

धडा पहिला

प्रियदर्शिनीच्या वेळी चूक नको. अजून पाऊण तास होता. त्यानं सोडलेले धडे उघडले. सगळ्यात पहिला हाच निघाला : गायक येण्याआधी खोलीची शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करा. बटण दाबा आणि स्वस्थ बसा.

त्यानं पंखा बंद केला, दार लावलं. खुर्ची रोजच्या जागी ओढली. समोरचं स्टूल रिकामं होतं. बटण दाबून तो हात मांडीवर ठेवून बसला. तीस सेकंद. मग हेडफोन चढवले आणि आवाज पूर्ण वाढवला.

सुरुवातीला काही नाही. गोधड्यांची मऊ शांतता.

नवव्या सेकंदाला, चप्. मग टक्. मग काहीतरी ओलं गिळल्यासारखं.

प्रबुद्धनं जीभ हळूच डाव्या गालाकडे नेली. सुपारी तिथंच होती.