स्वच्छ हवेची डिश

डिशमधल्या फुप्फुसाच्या पेशी जिवंत असतील तर त्यांत घातलेला पिवळा रंग जांभळा होतो. मेल्या असतील तर पिवळाच राहतो. थिनरची वाफ दिलेली डिश पिवळीच राहिली, ते अपेक्षितच होतं. पण शेजारची, नुसती स्वच्छ हवा दिलेली डिशही पिवळीच होती. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काहीतरी घोळ घातलास तू. फेकून दे, उद्या पुन्हा कर." घोळ मी घातलाच होता. स्वच्छ हवेचा सिलिंडर सोमवारी संपला, आणि नवा येईपर्यंत काम अडू नये म्हणून मी त्या डिशला पंपाने खोलीतलीच हवा दिली होती. म्हणजे चार दिवस त्या पेशी आमचीच हवा घेत होत्या. "सर," मी विचारलं, "तुमचा खोकला कधीपासूनचा?" सर दाराशी थांबून हसले. "तुझाच तर लागलाय मला, पोरी."