न दिसणारं दार

फोटोवाले लिफ्टने वर येत होते आणि अक्रोडाच्या लाकडाच्या गुळगुळीत भिंतीवर, अगदी मधोमध, एक लाल टिकली चिकटलेली होती. ऋजुता तिकडे धावली. इंटिरियर डिझायनर म्हणून दोन वर्षं राबून तिने मालकिणीचा हा फ्लॅट सजवला होता आणि आज मासिकासाठी त्याचे फोटो निघणार होते. तिला सगळ्यात मिरवायची होती ती हीच भिंत. बाथरूमचं दार तिने त्यात असं बेमालूम बसवलं होतं, की बाहेरून कडी नाही, फटही दिसत नाही. नेमक्या जागी दाबलं की उघडायचं.

नखाने टिकली उचलून तिने रुमालाने डिंक पुसून काढला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मालकिणीच्या सासूबाई पाय घासत आल्या. भिंतीवर तळवा टेकून दाबू लागल्या, पुढे सरकल्या, पुन्हा दाबू लागल्या. दुसरा हात ओटीपोटाशी होता.

"काय शोधताय, आजी?"

"इथं खूण केली होती गं मी. परवा दार सापडेपर्यंत..." त्यांनी मान खाली घातली. "सूनबाईला सांगू नकोस हं."

ऋजुताने दार उघडून दिलं. आजी आत गेल्या. मग स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून ऋजुताने त्याच जागी लावली.

फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. "मॅडम, भिंतीवर टिकली दिसतेय. काढू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "तिथं दार आहे."