प्रवेशाचा कान

हेमांगीनं कंपास न घेता, नुसत्या हातानं गोल काढला, तसे चित्रकला प्रवेशाच्या क्लासचे जोगदंड सर कळवळले. "अगं, इतका गोल गोल माणूस काढतो का? विद्यापीठाचं पडताळणी यंत्र म्हणेल, यंत्रानंच काढलाय! जरा हात थरथरू दे."

हेमांगीचे वडील पाट्या रंगवायचे. हात थरथरणं हा त्यांच्या घरी आजार समजला जाई.

भिंतीवर गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांची व्यक्तिचित्रं लावली होती. प्रत्येक चेहऱ्याचा डावा कान उजव्यापेक्षा मोठा होता.

"सर, सगळ्यांचा डावाच कसा काय?"

"तो प्रवेशाचा कान. अस्सल मानवी चूक आहे ती. घोटून घे."

हेमांगीनं काही तो घोटला नाही. तिनं आपली चित्रं होती तशी विद्यापीठाकडे पाठवली आणि यंत्रानं ती 'यंत्रनिर्मित' म्हणून नाकारली. तिनं दाद मागितली, तेव्हा तीन प्राध्यापकांनी तिला समोर बसवून चित्र काढायला लावलं. दारातल्या शिपायाचा चेहरा तिनं पंधरा मिनिटांत हुबेहूब उतरवला. तिघेही उठून तिच्यामागं येऊन उभे राहिले, "वा!" म्हणाले आणि त्यांनी कागद यंत्राखाली सरकवला.

यंत्र म्हणालं, "यंत्रनिर्मित."

"अहो, तुमच्यासमोर काढलंय की!"

"पाहिलं ना आम्ही," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "पण बाळ, आमचे डोळे प्रमाणित नाहीत."

हेमांगीनं पेन्सिली गोळा केल्या.

"मग सर, शिकवता कुठल्या डोळ्यांनी?"