विहिणीचा मान

अंगणात गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणाच्या झाकणावरची माती वाझानं खरवडून काढली. जॉर्जियातल्या त्याच्या गावात वाइन अशीच मुरवतात, म्हणे हजारो वर्षांपासून. मुलगी जन्मली की रांजण भरायचा आणि उघडायचा तो तिच्या लग्नातच. आज त्याची केतेवान सत्तावीस वर्षांची नवरी होती.

काळसर लाल वाइनची पहिली वाटी त्यानं वरमाईपुढे धरली. सुमतीबाई निफाडच्या. घरची द्राक्षबाग असली तरी गळ्यात तुळशीची माळ. सगळं अंगण त्यांच्याकडे बघत थांबलं.

"आई, नुसती ओठांना लाव," नवरदेव मकरंद कुजबुजला. "नाही म्हटलंस तर त्यांना फार लागेल."

"ही द्राक्षं कुणी तुडवली होती, विचार त्यांना."

मकरंदनं विचारलं. वाझानं ओसरीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. केतेवानच्या आईनं, तान्ह्या लेकीला शेजारी पाळण्यात ठेवून. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

सुमतीबाईंनी वाटी दोन्ही हातांत घेतली, ओसरीवर गेल्या आणि फोटोपुढे ठेवून म्हणाल्या, "आधी तुम्ही, विहीणबाई."

हे वाझाला समजावून सांगायची मकरंदला गरज पडली नाही.  वाझानं मांडवावरच्या वेलीचा एक पिकला घड तोडून सुमतीबाईंपुढे धरला. त्यांनी आपसूक पदर पसरला.

ओटी भरतात म्हणजे काय, हे वाझाला कुणीच सांगितलं नव्हतं.