अर्धा बाक

आईच्या दफनाला उशिरा पोचलेल्या धाकट्या बहिणीला ताईनं सुनावलं होतं, "तुझं तोंडही पाहायचं नाही मला!" तेव्हापासून सहा वर्षं ताईला चर्चमध्ये पियानो वाजवताना पान उलटून द्यायला कुणी नव्हतं. पाळकांनी "दुसरं कुणी बसवू का?" विचारलं, तर म्हणाली, "माझं मी बघते." बसायची मात्र अर्ध्याच बाकावर. पान उलटताना सूर तुटायचा. मंडळीही गाता गाता तिथं थांबायला शिकली. गेल्या महिन्यात तिनं अभिमान गिळून पत्र टाकलं, "चुकलं माझं. येशील?" उत्तर आलं नाही. आज गाण्याचं पहिलं पान संपत आलं, तसं बाकाच्या रिकाम्या बाजूला कुणीतरी येऊन टेकलं. ओळखीच्या बोटांनी पान उलटलं. "वाजव गं, ताई." सूर तुटला नाही. सवयीनं मंडळी मात्र थांबलीच, आणि भरल्या चर्चमध्ये पुढची ओळ दोघी बहिणीच गात राहिल्या.