संस्थेची होडी

शहादेव गाडीखाली वाकून साखळी बघत होता. चौसाळ्याच्या धाब्यामागं बद्रीनाथांची स्कॉर्पिओ उभी होती. तिच्या मागच्या हुकाला दोन चाकांची ट्रॉली आणि ट्रॉलीवर लोखंडी होडी. सकाळपासून ती ओढणारा रामकिसन घाबरून उतरला होता. जरा वेग धरला की ट्रॉली शेपटासारखी हलते, गाडीलाच फिरवून टाकील, असं त्याचं म्हणणं.

होडी मागं सरकवून बांधली होती. शहादेवनं दोघांना हाताशी घेऊन ती पुढं ओढली, म्हणजे थोडं ओझं हुकावर बसलं. हुकाच्या पिनेला कुलूप घातलं, साखळ्या तिरप्या टाकून आवळल्या, मागं लाल फडकं बांधलं. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून त्यानं कारखान्यावर ऊस नेला होता. हे त्याच्या हातातलं काम.

बद्रीनाथ मच्छीमार संस्थेचे चेअरमन. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. नेकनूरच्या पुढं, आपल्या गावच्या तळ्यावर आज मत्स्य खात्याचे साहेब अनुदानाची होडी तपासायला येणार, त्याआधी होडी काठावर उभी दिसली पाहिजे. मागच्या सीटवर पाव्हणे झोपलेत, त्यांना हिसका बसू देऊ नको. एवढं सांगून ते मोटारसायकलवर पुढं निघून गेले.

होडीच्या तोंडाला रंग ओला होता. सकाळी ज्या संस्थेच्या तळ्यावर होडी दाखवली तिचं नाव पुसून त्यावर आपल्या संस्थेचं लिहिलं होतं. शहादेवनं ते वाचलं आणि गाडीत येऊन बसला.

त्याची बायको कौशल्याबाई याच संस्थेची सभासद होती. तळ्यात पाणी होतं त्या साली ती चार बायकांना घेऊन दर बैठकीला होडी मागायला जायची. मंजूर झाली की देऊ, असं बद्रीनाथ सांगायचे. पुढं तळं आटलं. मागच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत तिला ऊन लागलं आणि ती गेली. तिच्या दहाव्याला बद्रीनाथांनी शहादेवच्या दारात टँकर उभा केला. गावात दुसऱ्या कुणाच्या दारात तो कधी आला नव्हता. म्हणून आज बोलावणं आल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही.

पाव्हणे तोंडावर ओला टॉवेल घेऊन आडवे होते. चपला खाली, शर्टाची बटणं उघडी. दुपारचं जेवण जड झालेलं दिसत होतं. गाडी निघताना त्यांनी टॉवेलाखालूनच विचारलं, ट्रॉलीचे मागचे दिवे लागतात का, नंबरपाटी दिसते का. लागतात, दिसते, असं शहादेव म्हणाला. ते पुन्हा घोरायला लागले.

मांजरसुंब्याच्या चौकात पोलिसानं हात केला. त्यानं कागद पाहिले, दिवे पाहिले, साखळी ओढून पाहिली आणि जा म्हणाला. सगळं नियमात होतं. शहादेवला तेच जास्त लागलं.

नेकनूरच्या अलीकडं वळणावर टँकरची रांग होती. ट्रॉली आतल्या अंगाला चढू नये म्हणून त्यानं गाडी लांबून, अगदी हळू वळवली. बायका बघायला लागल्या.

"बघा गं, होडी आली," एक म्हणाली. "आता मागून पाणी बी येतंय वाटतं."

सगळ्या हसल्या. टपरीवरच्या एकानं, "काय बे, समुद्र कुठं लागला?" असं विचारून घेतलं. शहादेवनं मान वर केली नाही. मग रांगेत त्याला साखराबाई दिसली. कौशल्याबरोबर होडी मागायला जाणाऱ्यांतली. ती हसत नव्हती. तिनं होडीवरचं नाव वाचलं आणि घागर घेऊन खिडकीशी आली.

"आमी मागितली तवा नव्हती," ती म्हणाली. तेवढंच.

रांग मागं पडली. उताराला त्यानं दुसरा गिअर टाकला, ओझं मागून ढकलत होतं. पाव्हणे उठून बसले होते. त्यांनी विचारलं, काय झालं.

"लाज वाटती, पाव्हणं," शहादेव म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. कौशल्याचं, टँकरचं, ओल्या रंगाचं. ही होडी सकाळी दुसऱ्याच्या तळ्यावर होती आणि फोटो झाला की संध्याकाळी तिसऱ्याकडं जाणार, हे रामकिसनकडून कळलेलंही.

"सायेब आले की मी सांगणार," तो म्हणाला. "समद्यांसमोर."

"बद्रीनाथ तुम्हाला सुखानं राहू देतील?"

"टँकर बंद करतील. करू द्या."

"आणि साहेबानं ऐकलंच नाही तर?"

"कावून ऐकायचा न्हाई? शिकलेला माणूस हाय. कुणी सांगितलंच न्हाई तर त्या बिचाऱ्याला कसं कळावं?"

पाव्हण्यांनी खिडकीची काच खाली केली. ऊन लई आहे, असं काहीतरी म्हणाले. मग म्हणाले, "हळू घ्या. मागचं ओझं जड आहे."

तळ्याला भेगा पडल्या होत्या. काठावर मांडव होता, खुर्च्या होत्या, संस्थेचा नवा फलक होता, फोटोवाला होता. शहादेवनं ट्रॉली उलटी घेत काठाला लावली आणि उतरून चाकांमागं दगड दिले. त्यानं रस्त्याकडं पाहिलं. साहेबाची गाडी अजून कुठं दिसत नव्हती. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता. कौशल्याचं नाव आधी घ्यायचं, असं त्यानं ठरवलं.

बद्रीनाथ हार घेऊन आले. ते शहादेवच्या अंगावरून पुढं गेले आणि त्यांनी स्कॉर्पिओचं मागचं दार उघडलं.

पाव्हणे उतरले. शर्ट आत खोचलेला, केसांवरून कंगवा फिरवलेला. बद्रीनाथांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी होडीला एक चक्कर मारली, रंगाला हात लागू न देता नाव वाचलं, फोटो काढून घेतला आणि मधल्या खुर्चीत बसले. मग मांडवाच्या टोकाला उभ्या शहादेवकडं त्यांनी पाहिलं.

"बोला शहादेवराव," ते म्हणाले. "साहेब ऐकतायत."