घंटीपर्यंत

घंटी काही वाजेना. शहादेवचा डावा पाय आता उचलत नव्हता, नुसता फरफटत होता. त्याने बाजेवरच्या मोबाइलकडे एकदा पाहिलं आणि मटकन खाली बसला. घंटी त्यानंतर वाजली.

"जाऊ द्या बाबा, उद्या होईल," सतीश म्हणाला आणि बापाच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं.

उद्या उद्या करता उन्हाळा तोंडावर आला होता. अर्धांगवायूने डावी बाजू गेली तेव्हा शहादेव पत्र्याकडे बघत नुसता पडून होता. सतीशनेच त्याला बाजेवरून उठवलं. पोलीस भरतीच्या सरावासाठी पोराच्या मोबाइलमध्ये टायमर होता. शिट्टी झाली की जीव तोडून पळायचं, घंटी झाली की दम घ्यायचा, मग पुन्हा शिट्टी. तोच टायमर त्याने बापाला लावला. शिट्टीला चालायचं, घंटीला बसायचं. सिरसाळ्यातल्या त्या गल्लीला आता शहादेवच्या शिट्टीची सवय झाली होती.

बापलेकात एक ठरलेलं होतं. शहादेव ज्या दिवशी मधे न बसता घंटीपर्यंत चालेल, त्या दिवसापासून सतीश पुन्हा ग्राउंडवर सरावाला जाईल. बायको सरूबाई मजुरीला, धाकटी पौर्णिमा शाळेत, मग दिवसभर बापाजवळ थांबणार कोण? त्यात यंदाची भरती पोराची शेवटची, पुढच्या खेपेला वयात बसत नव्हता. म्हणून शहादेव जिवावर उदार होऊन चालायचा. आधी घंटी थोडक्यात हुकायची. हल्ली ती लांबच चालली होती. आपलं अंग दिवसेंदिवस खचतंय, आणि हे मेलं अंग पोराच्या नशिबावर जाऊन बसलंय, असं त्याला वाटे. तोंडावर धोतराचा सोगा घेऊन तो गुपचूप रडायचा.

गल्लीतला त्रिंबक येताजाता सतीशला हटकायचा. "काय बे, ग्राउंडला दिसत न्हाईस?"

"बाबाला टाकून कसा येऊ काका?"

त्रिंबक चुकचुकायचा, पोराच्या पाठीवर हात ठेवून पुढं जायचा. असा लेक मिळायला भाग्य लागतं, असं बायाबापड्या म्हणत. शहादेवला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होई.

एका रविवारी सतीश गोळ्या आणायला परळीला गेला. टायमर पौर्णिमाने लावला. शिट्टी झाली. शहादेव निघाला, दारापुढच्या लिंबापर्यंत गेला, वळला, तोच घंटी वाजली. तो उभाच होता.

"बिघडलं का काय गं ते?"

"न्हाई बाबा. दवाखान्यातल्या म्याडमनी सांगितलंतं तेवढंच लावलंय. दादानं लई वाढवून ठेवलंतं. झालं की तुमचं."

शहादेव बसला नाही. पुढच्या शिट्टीला चालला, त्याच्या पुढच्याला चालला. पाय कधीचाच कामाला लागलेला होता. आनंदाने त्याला हुंदका फुटला आणि त्या हुंदक्यातच राग उसळला. रोज आपल्याला कोणी धुळीत बसवलं, तर पोटच्या पोराने.

सतीश आला तसं शहादेवने पोरीला दुकानावर धाडलं.

"घंटी लांब कावून नेलीस?"

गोळ्यांची पिशवी खाली ठेवून सतीश बापाच्या पायाशी उकिडवा बसला.

"माझ्याच्यानं होत न्हाई बाबा. लई पळालो, न्हाईच होत. अन् तुमी पडून हाव तवर मला कोनी काई इचारत न्हाई."

काठी हाणावी असं शहादेवच्या मनात आलं. मग त्याला आजारपणाच्या आधीचा सतीश आठवला. काय झालं भरतीचं, या एका प्रश्नापायी पोरगा लग्नाकार्याला जायचा बंद झाला होता. पाण्याला जाताना सुद्धा गल्लीच्या मागून जायचा. बाप पडला आणि पोरगा पुन्हा मान वर करून चालायला लागला. हे घरात कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. शहादेवने काठी भिंतीला टेकवली आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबक दारात आला तेव्हा नुकतीच शिट्टी झाली होती.

"जयभीम शहादेव. सतीश, भरतीच्या ग्राउंडची तारीख लागली बे. आता तरी निघ."

मोबाइल हातात धरून सतीश खाली बघत राहिला. त्रिंबक उत्तराची वाट बघत थांबला. शेजारच्या दोघीचौघी बायाही हातातलं काम थांबवून दारात आल्या.

शहादेव चालत होता. लिंबाला वळसा घालून तो परत फिरला. पाय हलका पडत होता, छातीत दम होता, आणखी दोन फेऱ्या त्याने सहज मारल्या असत्या. त्याने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. काठी हातातून सोडून दिली आणि सगळ्यांदेखत धुळीत बसला.

"कसा जाईल त्यो त्रिंबक," शहादेव म्हणाला, "मला उचलायला कोन हाय?"